तबकड्या आणि रद्दी

आमच्या सुशिक्षित कुटुंबांना आज आम्ही एक अप्रिय प्रश्न विचारणार आहोत : आपल्या आजोबांच्या ग्रामोफोनच्या तबकड्या आज कोठे आहेत?

मुंबईच्या ज्या मटन स्ट्रीटला लोक चोरबाजार म्हणतात, तेथे आम्हांस नुकताच तबकड्यांचा एक गठ्ठा मिळाला. वरच्या पाकिटावर शाईने, वळणदार अक्षरात, ‘दिवाळी १९३८’ असे लिहिलेले होते. हा माल चोरीचा नव्हता. जुने घर पाडावयाचे ठरले, माळा रिकामा झाला आणि घरच्याच मंडळींनी वर्तमानपत्रांच्या रद्दीबरोबर हा गठ्ठा देऊन टाकला, एवढीच त्याची हकीकत. याच घरांतून अभिजात संगीताला उतरती कळा लागल्याचे सुस्कारेही ऐकू येतात, हे विशेष !

यावर पहिला आक्षेप येतो तो असा की, सगळी जुनी गाणी आता इंटरनेटवर मिळतात. मग हे ओझे कशाला? आम्ही विचारतो, ती तेथे आली कोठून? कोणा एका वेड्या संग्राहकाने अशाच ढिगाऱ्यातून तबकडी उचलली, पुसली, योग्य सुईने वाजविली आणि तिचा आवाज उतरवून घेतला, म्हणूनच ना? जी तबकडी त्याच्या हाती लागण्यापूर्वीच फुटली, तिचे गाणे कोण ऐकविणार? लाखेच्या मिश्रणाची ही वस्तू. हातातून निसटली की तुकडे! मिनिटाला सुमारे ७८ फेरे घेऊन तीनसाडेतीन मिनिटांत एक बाजू संपते. पण तेवढ्यात एक गळा सापडलेला असतो. अब्दुल करीम खाँ १९३७ साली निवर्तले, तरी त्यांचा स्वर आज आमच्या कानी पडतो. उलट, १९२२ साली दिवंगत झालेल्या भास्करबुवा बखल्यांचे गाणे आम्हांस केवळ इतरांच्या आठवणींतून कल्पावे लागते. तबकडी असणे आणि नसणे यांतील अंतर याहून स्पष्ट कसे सांगावे?

दुसरा आक्षेप जागेचा व यंत्राचा. तो आम्हांस मान्य आहे. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात प्रत्येकाने संग्रहालय थाटावे, असे आमचे म्हणणे नाही. परंतु ठेवता येत नाही म्हणून मोडीत काढावे, हा कोठला न्याय? ग्रीसमधील उपासमारीच्या निवारणासाठी १९४२ साली ऑक्सफर्ड येथे जी समिती निघाली, तिची आज ऑक्सफॅम या नावाने दुकाने आहेत. लोक नकोशी पुस्तके, कपडे, तबकड्या तेथे नेऊन देतात. दुसरे लोक त्या विकत घेतात. आणि पैसा सत्कार्यी लागतो. आमच्या गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांस एक कपाट यासाठी राखणे अशक्य आहे काय? जुन्या तबकड्यांच्या संग्राहकांची संस्था तर मुंबईतच १९९० साली स्थापन झाली. जाणकारांची वाण नाही, दात्यांची आहे.

तिसरा आक्षेप दुकानदारावर : तो म्हणे लुटतो ! आपण जी वस्तू फुकापासरी दिली, तिची किंमत त्याने ओळखली, हाच त्याचा अपराध. चार पैसे मिळविण्यासाठी का होईना, त्याने ती जपली. आपण तर वंशज म्हणवून घेऊनही जपली नाही.

म्हणून आमची मागणी लहानशी आहे. माळा झाडण्यापूर्वी पाकिटावरील नावे एकदा वाचावीत, ठाऊक नसलेले नाव जाणत्यास दाखवावे, आणि मगच तबकड्या योग्य हाती द्याव्यात. एवढेही ज्यांच्याने होत नाही, त्यांनी चोरबाजाराला नावे ठेवू नयेत. तेथला माल चोरीचा असो वा नसो, आजोबांची दिवाळी तेथे पोहोचविली ती घरच्यांनीच.