दवाखाना हलवण्याआधी अम्मीला विचारा
दवाखाना नव्या इमारतीत जाणार म्हटलं, की सगळे खूश. मीही झालो असतो. पण बीपीच्या गोळ्या आणायला यवतमाळच्या मे महिन्यातल्या उन्हात पायी जाणाऱ्या माझ्या अम्मीला आता ऑटो लागेल. 30,000 लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, या निकषात ऑटोभाड्याचा हिशेब नाही.

केंद्र सरकारच्या 2016 च्या ‘मेरा अस्पताल’मध्ये रुग्णाला मोबाइलवर मत विचारतात. आमच्या केसपेपरवर नंबर अब्बूंचा! अन् जी दवाखान्यापर्यंत पोहोचलीच नाही, तिला कोण विचारणार?

म्हणून जागा ठरण्याआधीच घरोघरी विचारायला हवं, बायकांना आधी. मोहल्ल्यातली चार पोरं-पोरी हे दोन रविवारांत करू शकतात. तो कागद रुग्ण कल्याण समितीपुढे ठेवायचा आणि पोच घ्यायची.