पाटी उतरवितांना

गेल्या महिन्यांत आमचा एक जुना विद्यार्थी सकाळींच घरीं आला. अंबाजोगाईच्या बाजारपेठेंत त्याचें कापडाचें दुकान आहे. आजोबांनीं घातलेलें, वडिलांनीं वाढविलेलें. हातांत एक कागद होता. "गुरुजी, नव्या पाटीचा मजकूर आहे. ऱ्हस्वदीर्घ तेवढें पाहून द्या, उद्यां छापायला टाकतों," असें तो म्हणाला. निवृत्त शिक्षकाकडे लोक ज्या दोन-तीन कामांसाठीं येतात, त्यांतलें हें एक. लग्नपत्रिका आणि श्रद्धांजलीचा मजकूर हीं दुसरीं दोन. आम्हीं चष्मा लावला, एके ठिकाणीं उगाच दीर्घ झाला होता तो ऱ्हस्व केला, आणि सहज विचारलें, "जुन्या पाटीचें काय करणार?"

"भंगारवाला घेऊन जाईल. आतां मराठी पाटीची सक्ति आहे, गुरुजी. ती उर्दूची ठेवून दंड कोण भरणार?"

ती पाटी आम्ही लहानपणापासून पाहत आलों आहों. सागवानी फळीवर पत्रा ठोकलेला, काळ्या जमिनीवर पिवळीं अक्षरें. वरची ओळ उर्दू, मधली देवनागरी, खालची इंग्रजी. सर्वांत खालीं बारीक अक्षरांत 'मोमिनाबाद, जिल्हा भीर'. निजामी अमदानींत आमच्या गांवाचें सरकारी नांव मोमिनाबाद होतें आणि बीडचें नांव इंग्रजींत 'भीर' असें लिहिलें जाई. दरबारची भाषा उर्दू, म्हणून दुकानदार ती वर लिहीत. गिऱ्हाइकाची भाषा मराठी, म्हणून ती तिच्या खालीं. १९४८ सालीं संस्थान गेलें, १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला, १९६० सालीं महाराष्ट्र झाला. पाटी मात्र होती तेथेंच राहिली.

त्याच दिवशीं संध्याकाळीं आम्ही उर्दूचे एक निवृत्त शिक्षक, आमचे शेजारी, यांस बरोबर घेऊन दुकानावर गेलों. आमचा अभ्यास संस्कृताचा. उर्दू लिपि आम्हांस येत नाहीं. ज्या अक्षरांखालून उभा जन्म ये-जा केली, तीं आम्हीं कधीं वाचलींच नव्हतीं. आमच्या स्नेह्यांनीं मान वर करून ती ओळ वाचली, पुन्हा वाचली, आणि म्हणाले, "खालीं लिहिलें आहे तें वर लिहिलेलें नाहीं."

मराठी ओळींत आमच्या विद्यार्थ्याच्या आजोबांचें नांव आणि पुढें 'आणि कंपनी' एवढेंच आहे. उर्दू ओळींत दोन नांवें आहेत. दुसरें नांव एका मुसलमान गृहस्थाचें. मराठींत जो 'कंपनी' होता, तो उर्दूंत नांवगांवाचा माणूस होता!

दुकानाच्या मागेंच घर आहे. तेथें मुलाची आजी, वय नव्वदीच्या घरांत, अजून चांगली ऐकते-बोलते. तिला विचारलें तेव्हां ती सहज सांगूं लागली. दुकान दोघांच्या भागींत निघालें होतें. हैदराबादचा माल आणण्याचें काम त्या गृहस्थाकडे असे. सप्टेंबर १९४८च्या पोलिस कारवाईनंतर तो बायकामुलांसह हैदराबादेस निघून गेला, तो परत आला नाहीं. हें सारें तिच्या लग्नापूर्वींचें. तिनें नवऱ्याच्या तोंडून ऐकलेलें. तिनें स्वतः पाहिलें तें इतकेंच: "पाटी रंगवायला काढली कीं हे पेंटरला सांगायचे, खालच्या दोन ओळी नव्या कर, वरच्या ओळीला हात लावूं नकोस."

आम्ही पुन्हा बाहेर येऊन पाहिलें. खरेंच होतें. मराठी आणि इंग्रजी अक्षरांवर रंगाचे थर चढलेले, आणि वरची ओळ उन्हापावसानें विटून पत्र्याच्या रंगाची होत आलेली. इतक्या वर्षांत तिला कोणीं हात लावला नव्हता. नातू पाटीकडे पाहत उभा राहिला. दोन दिवसांत ती भंगारांत जाणार होती.

येथें आमचा स्वतःचा एक दोष सांगितल्यावांचून पुढें जाणें बरें नव्हे. सुमारें चाळीस वर्षांपूर्वीं आम्ही एका शाळेंत नव्यानें रुजू झालों. दारावर जुनी लांकडी पाटी होती आणि तिच्यांत 'विद्यालय' या शब्दाची पहिली वेलांटी दीर्घ होती. संस्कृत शिकविणाऱ्या माणसास तें रोज खुपे. आम्हीं वरिष्ठांच्या मागें लागून ती पाटी खरवडून नव्यानें रंगवून घेतली. वेलांटी सुधारली, परंतु कोपऱ्यांत लिहिलेलीं शाळा काढणाऱ्यांचीं नांवें आणि साल हीं नव्या अक्षरांत मावेनात, म्हणून गाळलीं गेलीं. पुढें सुवर्णमहोत्सवाच्या वेळीं माजी विद्यार्थी जुन्या पाटीचा फोटो मागूं लागले. तो एकाहि घरीं निघाला नाहीं. पाटी कोणाच्या हट्टानें खरवडली गेली, हें त्या सभेंत कोणीं विचारलें नाहीं, आणि आम्हींहि सांगितलें नाहीं.

असो. आतां कायद्याकडे वळूं, कारण आमच्या विद्यार्थ्याप्रमाणेंच पुष्कळ दुकानदारांची समजूत अशी आहे कीं, मराठी पाटी लावणें म्हणजे दुसऱ्या लिपीची पाटी नाहींशी करणें. वस्तुस्थिति तशी नाहीं. दुकानें व आस्थापना यांविषयींच्या २०१७च्या अधिनियमांत २०२२ सालीं दुरुस्ती झाली आणि दहांहून कमी कामगार असलेल्या लहान दुकानांसहि देवनागरींत मराठी नामफलक आवश्यक ठरला. २५ सप्टेंबर २०२३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें मुंबईच्या व्यापाऱ्यांस त्यासाठीं दोन महिन्यांची मुदत दिली. मराठीनें आपल्या घरांत पहिल्या पाटावर बसावें, यांत आम्हांस आनंदच आहे. परंतु नियम म्हणतो तें इतकेंच कीं, मराठी अक्षरें प्रथम असावींत आणि इतर भाषांच्या अक्षरांहून लहान नसावींत. इतर लिपि पुसून टाका, असें तो म्हणत नाहीं. अकोला जिल्ह्यांतील पातूर नगर परिषदेच्या पाटीवर मराठीबरोबर उर्दू असावी कीं नसावी, हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. १५ एप्रिल २०२५ रोजीं न्यायालयानें उर्दू राहूं दिली आणि भाषा म्हणजे धर्म नव्हे, हें स्पष्ट शब्दांत सांगितलें.

कायद्याची भीति अशी दूर झाली, तरी दुकानदाराची दुसरी भीति खोटी नाहीं. "फळीला वाळवी लागली असेल, आंकडे गंजले असतील, खालून शाळेचीं पोरें जातात," असें आमचा विद्यार्थी म्हणाला. १३ मे २०२४ रोजीं मुंबईस घाटकोपर येथें वादळांत जाहिरातीचा प्रचंड फलक पेट्रोल पंपावर कोसळला आणि १७ माणसें दगावलीं. तो फलक १२० फूट लांब व तितकाच उंच होता. परवानगीची मर्यादा होती ४० फुटांची. तेव्हां डोक्यावर टांगलेल्या वस्तूंवर नियमन हवेंच. प्रश्न आहे तो नियमन करणाऱ्यानें कोणते प्रश्न विचारावेत याचा.

या बाबतींत हांगकांग शहराचा दाखला घेण्यासारखा आहे. निऑन हा वायु १८९८ सालीं लंडनमध्यें रॅम्झे आणि ट्रॅव्हर्स या दोघां शास्त्रज्ञांनीं शोधिला आणि १९१० सालीं जॉर्ज क्लोद यानें पॅरिसच्या प्रदर्शनांत त्याचे दिवे लाविले. कांचेची नळी ज्योतीवर तापवून हातानें अक्षराच्या आकारांत वळवावयाची, आंतील हवा काढून वायु भरावयाचा, आणि हजारों व्होल्टचा दाब दिला कीं ती तांबूस-नारिंगी तेजानें उजळते. हांगकांगचे रस्ते अशा पाट्यांनीं रात्रभर उजळलेले असत. पुढें सुरक्षिततेचे नियम कडक झाले आणि पाट्या भराभर उतरूं लागल्या. एका उपाहारगृहावरची निऑनची गाय पिढ्यान्‌पिढ्या लोकांची ओळखीची खूण होती. ती २०१५ सालीं उतरली आणि तेथील एम प्लस या संग्रहालयानें ती जपली. तिचें दैव चांगलें. बाकीच्या बहुतेक पाट्या मोडींत गेल्या. तपासनीस विचारीत: परवाना आहे काय? आधार भक्कम आहे काय? दोन्ही प्रश्न योग्यच. पण ही पाटी किती जुनी आहे आणि कोणाची आठवण आहे, हा तिसरा प्रश्न कोणाच्याच तक्त्यांत नव्हता. पोलंडांत वॉर्सा येथें आणि अमेरिकेंत लास वेगास येथें आज निऑनच्या पाट्यांचीं स्वतंत्र संग्रहालयें आहेत. परंतु रस्त्यावरून उतरलेली पाटी संग्रहालयांत गेली कीं तिचें दुकान आणि तिची गल्ली मागेंच राहते.

आमच्याकडेहि तो तिसरा प्रश्न विचारणारें कोणी नाहीं. मुंबईंत १९९५ सालापासून वारसा-वास्तूंसाठीं नियम आहेत, त्यांच्या तीन श्रेणी आहेत. पण लहान गांवांतील कापडवाल्याची पाटी ही वास्तु नव्हे, मूर्ति नव्हे, शिलालेखहि नव्हे. तिची काळजी कोणाच्याच खात्यांत पडत नाहीं. उलट चौकाचौकांतून वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फ्लेक्स दिव्यांच्या खांबांवर लोंबत असतात. अशा बेकायदा फलकांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयानें २०१७ सालीं सविस्तर आदेश दिले आहेत, आणि नियमनाचा आसूड ओढावयाचा तर तो तेथें. सत्तर-ऐंशी वर्षें एकाच जागीं मुकाट राहिलेल्या पत्र्यावर कशाला?

पाटीबरोबर एक हातहि जातो, हें विसरतां कामा नये. पेंटर हा आपल्या गांवोगांवचा कलावंत. कोल्हापूरचे बाबुराव मेस्त्री नाटकांचे पडदे रंगवीत आणि 'पेंटर' हेंच त्यांचें आडनांव होऊन बसलें. पुढें त्यांनीं मराठी चित्रपटसृष्टीचा पाया घातला. फ्लेक्स आल्यापासून हा धंदा बसला. दिवंगत हनीफ कुरेशी यांनीं अशा पेंटरांच्या हातचीं अक्षरें गोळा करून त्यांवरून संगणकासाठीं टंक तयार करविले. असें काम मराठवाड्याच्या बाजारपेठांतूनहि व्हावयास हवें.

आमची सूचना साधी आहे. नगर परिषदेनें जुन्या पाट्यांची एक नोंदवही करावी. हें काम शाळेंतील मुलें सुटींत आनंदानें करतील: फोटो, लिपि, सामग्री, साल, आणि घरांतील सर्वांत वृद्ध माणसाचें दोन ओळींचें निवेदन. नोंदींतल्या पाटीस नोटीस देण्यापूर्वीं आंकडे आणि आधार तपासावेत. मजबूत असेल तर नियमाप्रमाणें नवी मराठी पाटी दर्शनीं लावून जुनी बाजूस राहूं द्यावी; नसेल तर ती दुकानाच्या आंत भिंतीस लावावी. आणि विटलेलीं अक्षरें 'सुधारण्याच्या' भरीस कोणीं पडूं नये. हा शेवटचा सल्ला अनुभवाचा आहे.

अक्षर म्हणजे जें क्षर पावत नाहीं तें, अशी व्युत्पत्ति आम्हीं वर्गांत किती वेळां सांगितली असेल! पण आमच्या गांवाचा अनुभव थोडा निराळा आहे. यादवांचा सेनापति खोलेश्वर याचे तेराव्या शतकांतील शिलालेख येथें आहेत. ते दगडाच्या बळावर टिकले. दासोपंतांची पासोडीहि येथलीच: सुमारें ४० फूट लांबीचें वस्त्र, त्यावर पंचीकरणाचा विषय मोठमोठ्या अक्षरांत लिहिलेला. दासोपंत १६१५ सालीं गेले. चारशें वर्षें कापड आपल्या बळावर टिकत नाहीं. कोणा ना कोणाला तें प्रत्येक पिढींत सांभाळावें लागतें. लांकूड आणि पत्रा यांची जात दगडाची नव्हे, कापडाची आहे.

आमच्या विद्यार्थ्यानें अखेर पाटी उतरविली. एक आंकडा खरोखरच गंजलेला होता. तो हातांतच निघून आला. दर्शनीं आतां नवी मराठी पाटी झळकते, आणि जुनी गादीमागच्या भिंतीवर, ठाणांच्या फळ्यांवर टेकून उभी आहे. वरच्या ओळींतील दोन्ही नांवें आमच्या स्नेह्यांकडून देवनागरींत उतरवून घेऊन त्यानें तो कागद तिच्या पाठीमागें चिकटविला. दुसऱ्या नांवाचें कुटुंब हैदराबादेस कोठें असेल, याचा शोध घ्यावा काय, असें तो आम्हांस विचारीत होता. पत्ता कोणापाशींच नाहीं. तरी शोधावें, असें आम्हीं सांगितलें.

आणि एक विनंति. अंबाजोगाईच्या परिसरांतील एखाद्या जुन्या शाळेच्या दारांत काढलेला, मागें लांकडी पाटी दिसत असलेला, 'विद्यालय' शब्दाची वेलांटी चुकलेला फोटो वाचकांपैकीं कोणाच्या घरीं ट्रंकेंत वा अल्बमांत असेल, तर त्यांनीं संपादकांमार्फत आम्हांस अवश्य कळवावें. कोपऱ्यांतलीं नांवें आम्हांस वाचावयाचीं आहेत.