शेडकार्डाची दोन टोकं

प्रति,
भारतात फाउंडेशन, कन्सीलर आणि कॉम्पॅक्ट बनवणाऱ्या कंपन्यांचे उत्पादनप्रमुख आणि विक्रीप्रमुख यांस,



मी नाशिकच्या इंदिरानगरमध्ये, वडाळा-पाथर्डी रस्त्यालगतच्या एका गल्लीत, गेली 14 वर्षं पार्लर चालवते. वर्षाला चाळीस-पन्नास नवऱ्या माझ्या हातून तयार होऊन बोहल्यावर चढतात. माझ्या पेटीतलं बरंचसं सामान तुमचंच आहे. म्हणून हे पत्र तुम्हाला, आणि उघडं, कारण हे गाऱ्हाणं माझ्या एकटीचं नाही.

सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. दिंडोरी तालुक्यातल्या द्राक्षबागायतदाराची मुलगी होती. रंग चांगला काळा, तुकतुकीत, गालाच्या हाडावर तांब्याची झाक. पहाटे सहाला तिला खुर्चीवर बसवलं. शहरातल्या दुकानांत मिळाली ती सगळ्यात गडद शेड माझ्याजवळ होती. आरशाच्या पिवळ्या दिव्यात ती बरी वाटली. मांडवात फोटोग्राफरचा फ्लॅश पडला आणि मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिलं, तर कपाळ आणि गाल राखेचा हात फिरवल्यासारखे. मान तिची, हात तिचे, चेहरा मात्र दुसऱ्याच कुणाचा. तिची आई माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, “ताई, पोरीला बरं नाहीये का हो?”

मंगलाष्टकांना वीस मिनिटं होती. मी सगळं पुसून काढलं. चेहऱ्याला नुसतं मॉइश्चरायझर, डोळ्यांत काजळ, ओठांना मरून लिपस्टिक. त्यानंतरचे फोटो सुरेख आले. पण पैसे तिनं पूर्ण ब्रायडल मेकअपचे दिले होते. मी अर्धे परत केले. मानेवर लावून दिवसाच्या उजेडात बघायचं मी चुकले होते, ती चूक माझी. पण बघितलं असतं तरी दुसरी शेड आणणार कुठून?

ती राख येते कुठून, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. फाउंडेशनमध्ये झाकण्याचं काम मुख्यतः टायटॅनियम डायऑक्साइड करतं, आणि ते पांढरंशुभ्र असतं. रंग येतो तो लोहाच्या ऑक्साइडमधून: पिवळं, तांबडं, काळं. उजळ शेडसाठी बसवलेल्या मिश्रणात काळं वाढवत नेलं की बाटली गडद दिसते, पण त्वचेवर पसरल्यावर पांढरं आणि काळं मिळून करडं होतं. काळ्या माणसाची कातडी करडी नसते. तिच्यात तांबूस, जांभळट, कधी शेंदरी छटा असते. त्यासाठी पांढरं कमी करून पिवळ्या-तांबड्याचा मेळ नव्यानं घालावा लागतो. म्हणजे गडद शेड हा उजळ शेडचा पुढचा नंबर नव्हे, ती स्वतंत्र बनवावी लागते. काही कंपन्या आता तशी बनवतात, हेही मी पाहिलं आहे. ती नाशिकच्या फळीवर येत नाही, हे माझं दुखणं आहे.

मी दुकानदारांना विचारलं. एकानं सांगितलं ते असं: “ताई, ही शेड कुणी मागत नाही. डझनानं घ्यावी लागते, दोन खपतात, दहाची मुदत संपते, आणि कंपनी परत घेत नाही.” त्याचं गणित मला पटतं. पण मागणी नाही हे कशावरून ठरलं? गिऱ्हाईक बाई दुकानात येते, टेस्टरच्या रांगेत मधल्या चार-पाच शेड्स बघते, तिच्या रंगाची बाटली समोर नसते. ती लिपस्टिक घेऊन घरी जाते. तुमच्या कॉम्प्युटरवर लिपस्टिकचा खप दिसतो; जी बाटली फळीवरच नव्हती तिचा खप शून्य दिसतो, आणि त्या शून्याच्या जोरावर पुढच्या वर्षीही ती बाटली येत नाही. ज्या बायकांनी मागितलं नाही असं तुम्ही म्हणता, त्यांना विचारण्याची सोयच कुणी ठेवली नव्हती. ऑनलाइन सगळं मिळतं असं मला नेहमी ऐकवतात. मोबाइलच्या पडद्यावर रंग जुळत नाही. एका बाटलीला साताठशे रुपये घालून, आली ती चुकीची निघाली, अशा तीन बाटल्या माझ्या एका गिऱ्हाइकाच्या कपाटात पडून आहेत.

मग आम्ही काय करतो? कालवतो. माझी एक वही आहे. तिच्या प्रत्येक पानावर एका नवरीच्या रंगाचा फराटा आहे आणि खाली प्रमाण: या बाटलीचे दोन थेंब, त्या काडीचा एक वळसा, चिमूटभर तपकिरी आयशॅडो. हळद लागली की हे प्रमाण बदलतं. आदल्या दिवशीची हळद दुसऱ्या सकाळीही कातडीत मुरलेली असते, म्हणून ट्रायलला जुळलेली शेड लग्नाच्या दिवशी जुळेलच असं नाही. हा प्रकार फक्त आमच्याच नशिबी आहे असंही नाही. अमेरिकेत ‘एबनी’ मासिकाच्या फॅशन शोमधल्या कृष्णवर्णी मॉडेल्स आपापली फाउंडेशन्स अशीच कालवून लावतात, हे तो शो भरवणाऱ्या युनिस जॉन्सन यांनी पाहिलं आणि त्यातून 1973 साली ‘फॅशन फेअर’ ही सौंदर्यप्रसाधनं निघाली. 2017 च्या सप्टेंबरात रिहानाच्या ‘फेंटी ब्यूटी’नं एकदम 40 शेड्स बाजारात आणल्या, आणि सगळ्यात गडद शेड्स लवकर संपल्याच्या बातम्या आल्या. तिकडेही तोवर मागणी नाही असंच सांगितलं जायचं.

आता दुसरं टोक. त्याच्याबद्दल कुणी बोलतच नाही, कारण गोरेपणाला आपल्याकडे अडचण मानत नाहीत. राजीवनगरमधल्या एक शिक्षिका माझ्याकडे येतात. कोड पसरत पसरत त्यांचा चेहरा जवळजवळ पूर्ण पांढरा झाला आहे. कपाळाच्या कडेला आणि हनुवटीखाली मूळच्या सावळ्या रंगाची लहान लहान बेटं राहिली आहेत. त्यांना काही लपवायचं नव्हतं. मुलाच्या मुंजीत चार बायकांसारखा थोडा मेकअप हवा होता, एवढंच. बाजारातली सगळ्यात उजळ शेड त्यांच्या गालावर पिवळीधमक दिसली आणि अर्ध्या तासात आणखी काळवंडली. कोडाच्या जागी मेलॅनिन नसतं, आतल्या रक्ताची गुलाबी झाक तेवढी उरते. त्या झाकेची शेड मला नाशिकमध्ये मिळाली नाही. शेवटी झिंकचं सनस्क्रीन कालवून मी वेळ निभावली. त्या आरशात बघून म्हणाल्या, “बरं झालंय हो,” आणि मला ठाऊक होतं की त्या माझं मन राखतायत.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी 2006 साली ‘नितळ’ हा चित्रपट केला, त्याची नायिका कोड असलेली डॉक्टर आहे. पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी उभी केलेली श्वेता असोसिएशन कोड असलेल्या माणसांसाठी कितीतरी वर्षं काम करते आहे. ही माणसं समोर यायला शिकली. त्यांच्या रंगाची बाटली मात्र अजून समोर यायची आहे. जन्मतःच रंगद्रव्य नसलेल्या मुलींचंही तेच.

आपल्या बाजारानं आजवर एकच वाट लोकांना दाखवली: काळ्याकडून गोऱ्याकडे. ‘फेअर अँड लव्हली’ 1975 साली आली आणि 2020 साली तिच्या नावातला ‘फेअर’ गेला. नाव बदललं ते चांगलंच झालं. पण मधल्या 45 वर्षांत वाढलेल्या बायका आज मुलींना घेऊन माझ्याकडे येतात आणि ट्रायलच्या आधीच सांगतात, “दोन शेड उजळ कर गं.” मी नाही करत. दोन शेड उजळ केलेला चेहरा मानेपाशी उघडा पडतो, आणि त्या मुलीला दिवसभर कुणीतरी मान झाकायला सांगत राहतं. मुलीच्या रंगाची बाटली हातात असली तर हा वाद मी पाच मिनिटांत जिंकते: ती गालावर लावते, दाराशी नेऊन उजेडात दाखवते, आई गप्प होते. बाटली नसली की माझ्याजवळ बोलण्यासारखं काही उरत नाही.

आमच्या गावात पंचवटीत काळाराम आहे आणि गोरारामही आहे. लोक दोघांच्याही पाया पडतात. कुणी काळ्या रामाला उटणं लावून उजळवायला गेलेलं मी ऐकलं नाही.

माझं मागणं मोठं नाही. डझनाची अट दोन्ही टोकांच्या शेड्सना लावू नका. दोन-दोन बाटल्या वितरकाला द्या, आणि मुदत संपलेली परत घ्या. त्या दुकानदारानं मला हेच सांगितलं, ते मी तुमच्यापर्यंत पोहोचवते आहे. टेस्टर ठेवताना आधी टोकांचे ठेवा. मधल्या रंगाच्या बाईनं शेड अंदाजानं घेतली तरी फार चुकत नाही, टोकाची हमखास चुकते. पाच-दहा मिलीच्या लहान ट्यूब काढा. पेठ-सुरगाण्याच्या मुलीला लग्नाच्या एका दिवसासाठी अख्ख्या बाटलीचे पैसे का लागावेत? आणि शेड पक्की करताना ज्या चेहऱ्यांवर लावून बघता, त्यांत खरोखरीच काळ्या आणि कोड असलेल्या बायका असू द्या, आणि खिडकीच्या उजेडात बघा, दिव्याखाली नको. हवं तर तुमच्या प्रयोगशाळेतला एक माणूस लग्नसराईत आठवडाभर माझ्याकडे बसवा. माझी वही मी त्याच्यापुढे उघडून ठेवीन. त्यातल्या प्रमाणांचे पैसे मला नकोत.

तुळशीची लग्नं लागली की मुहूर्त सुरू होतील. यंदाची माझी पहिली ट्रायल पेठच्या एका मुलीची आहे. ती इथल्याच एका दवाखान्यात नर्स आहे. फोनवर तारीख ठरवून झाली, तरी ती फोन ठेवेना. मग म्हणाली, “ताई, माझ्या रंगाचं तुमच्याकडे असतं ना?” मी असतं म्हणाले. ते मी तीन बाटल्यांतून कालवणार आहे.

आपली,
एक मेकअप करणारी बाई
इंदिरानगर, नाशिक