बाळाची खोली आधी रिकामी करा

गावाकडे लेक किंवा बहीण बाळंतपणाला येणार म्हटलं की आपण इकडून पैसे धाडतो आणि फोनवर सांगतो, "खोलीला नवा रंग द्या, नवं कपाट करून घ्या." माया खरी आहे, पण सल्ला चुकीचा आहे. त्या खोलीत काही नवं आणण्याआधी तिथलं बरंच काही बाहेर काढायला हवं.

खानदेशात भाव येईपर्यंत कापूस घरातल्या अशाच एखाद्या खोलीत भरून ठेवतात. त्याच खोलीच्या कोपऱ्यात फवारणीचा पंप आणि औषधांचे अर्धवट डबे असतात. फवारून आलेला शर्ट कित्येकदा बाळाच्या लंगोटांबरोबर एकाच बादलीत भिजतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते याच जातीच्या विषांनी. बाळाच्या उशाशी त्यांचं काय काम? गोधड्यांतल्या डांबरगोळ्याही काढा. जी६पीडी हा जन्मजात दोष असलेल्या बाळाच्या तांबड्या पेशी त्या वासाने फुटतात आणि कावीळ मेंदूपर्यंत जाऊ शकते. दोष आहे की नाही, हे आधी कुणाला ठाऊक असतं?

आता नव्या कपाटाचं. प्लायवुड, पार्टिकल बोर्डच्या गोंदातून फॉर्माल्डिहाइड हा विषारी वायू सुटतो आणि उष्णतेने जास्तच सुटतो. जळगावात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, उन्हाच्या झळांमुळे खिडक्या बंद, आणि आत बाळ दिवसातले सोळा तास झोपलेलं. ते कपाट वर्षभराने करा. राहिला रंग. घरगुती रंगातल्या शिशावर भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून ९० पीपीएमची मर्यादा आहे. खरी भीती नव्या रंगाखालच्या जुन्या ऑइल पेंटची. पॉलिश पेपरने तो कोरडा घासला की शिशाची धूळ घरभर होते. पोटुशी बाई घरात असताना ते काम काढूच नये.

जुनं ते सगळं चांगलं, असं मी म्हणत नाही. शेगडीची धुरी बाळाच्या छातीला वाईटच, आणि काजळात शिसं सापडलेलं आहे. पण आजीच्या लुगड्याची, शंभरदा धुतलेली गोधडी दुकानातल्या नव्या कोऱ्या दुपट्यापेक्षा केव्हाही बरी, कारण कापडावरची रसायनं धुण्यात निघून गेलेली असतात. नवं दुपटं आणलंच तर दोन-तीनदा धुऊन मगच वापरावं.

पैसे जरूर पाठवा. शेतात औषधांसाठी कुलपाची लोखंडी पेटी आणि फवारणीच्या कपड्यांसाठी वेगळी बादली, यासाठी पाठवा.