निसर्ग कुणाच्या बापाचा?

दोस्तांनो, ‘तुमच्या लिखाणात निसर्ग का नाही?’ हा प्रस्थापितांचा सवाल काही मरत नाही. हेच लोक जर्मन एक्स्प्रेशनिस्टांची चित्रं दाखवून सांगतात, बघा, माणूस निसर्गात कसा मोकळा होतो. ठीक आहे. बघूच.

चित्र घेऊ किर्शनरचं. १९०९चा वुडकट, म्हणजे लाकूड कोरून काढलेला ठसा. रंग तीनच. काळा, नारिंगी, हिरवा. तळ्याकाठी नागडी माणसं एकमेकांवर लव्हाळी फेकतायत. रेषा ओबडधोबड, कुऱ्हाडीनं तासल्यासारखी. ‘ब्रुके’ गटानं १९१०मध्ये आपल्या वर्गणीदारांना दिलेल्या संचात हे चित्र होतं.

चित्र जबरी आहे. नाही कशाला म्हणा? १९०५ साली ड्रेस्डेनमध्ये आर्किटेक्चर शिकणाऱ्या चार पोरांनी हा गट काढला आणि गुळगुळीत चित्रकलेला लाथ घातली. त्याबद्दल त्यांना सलाम.

पण निसर्ग कुठला? मोरित्सबुर्गची ती तळी माणसांनीच खोदलेली, मासे पाळायला. शेजारी सॅक्सनीच्या राजांचा शिकारीचा वाडा. खोदणारे हात चित्रात नाहीत.

आणि हा रांगडा आकार आला कुठून? ड्रेस्डेनच्या संग्रहालयात पलाऊ बेटांवरची कोरीव लाकडं होती. ती बघून ही पोरं पेटली. पलाऊ तेव्हा जर्मनीची वसाहत, १८९९मध्ये स्पेनकडून चक्क विकत घेतलेली. माणसांवर राज्य करायचं अन् त्यांच्या कलेला ‘आदिम’ म्हणून नाचवायचं!

आणि फ्रेंत्सी? १९०० साली जन्मलेली, कामगाराच्या घरातली पोर. १९१०च्या उन्हाळ्यात चित्रकारांनी तिला मॉडेल म्हणून तळ्यावर नेलं. मोकळेपणा त्यांचा. तिला कुणी विचारलं? तिचं पूर्ण नाव कळायला कलेच्या इतिहासाला १९९०चं दशक लागलं.

आपल्यालाही एक तळं ठाऊक आहे. महाड, २० मार्च १९२७. बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतलं. पोहायचं, डुंबायचं लांबच, नुसत्या पाण्यापायी आपल्या माणसांची डोकी फुटली. वर शेण-गोमूत्र ओतून तळं ‘शुद्ध’ केलं. हायकोर्टाचा निकाल लागला १९३७मध्ये. त्याच साली म्युनिकमध्ये नाझींनी किर्शनरला ‘अधःपतित’ म्हणून भिंतीवर टांगलं. संग्रहालयांतली त्याची सहाशेहून जास्त कामं उचलली. १९३८मध्ये त्यानं स्वतःला संपवलं. शुद्धतेचं वेड इथलं काय न् तिथलं काय, जातकुळी एकच.

तरी भाबडे होऊ नका. काही काळ याच गटात असलेला नोल्डे स्वतः नाझी पक्षाचा सभासद होता. त्याचीही हजारावर कामं उचलली गेली. रेषा रांगडी म्हणून माणूस आपला होत नाही.

म्हणून सांगतो, चाकू घ्या, लाकूड घ्या, तीन रंग घ्या. त्यांची ओबडधोबड रेषा ‘अभिव्यक्ती’ आणि आपला शब्द ‘शिवराळ’, हा दुटप्पीपणा मोडून काढा. पण ‘निसर्गाकडे चला’ या हाळीला भुलू नका. आधी विचारा, तळं कुणी खोदलं? पाणी कुणाच्या ताब्यात? काठावर उभ्या पोरीचं नाव काय?

याची उत्तरं द्या. मग आपणही पाण्यात उतरू. लव्हाळीसुद्धा फेकू.

जय भीम!