काकतीचे घर कोणत्या रकान्यात?

बेळगावहून पुण्याच्या वाटेला लागले की थोड्याच अंतरावर काकती लागते. कित्तूरच्या राणी चन्नम्मांचे हे जन्मगाव. कानडी आणि मराठी दोन्ही येथे घरच्याच. अशा गावातील मराठी कुटुंबाने संध्याकाळी काय पाहावे, याच्याशी संबंध असलेला एक मोठा व्यवहार १४ नोव्हेंबर २०२४ रोजी पुरा झाला. रिलायन्स आणि डिस्ने यांचे भारतातील वाहिन्यांचे व्यवसाय त्या दिवशी एक झाले. तोवर ‘कलर्स मराठी’ एका घराण्यात होती, ‘स्टार प्रवाह’ दुसऱ्यात. काही वाहिन्या विकण्याची अट घालून स्पर्धा आयोगाने ऑगस्टमध्येच संमती दिली होती.

मालक कमी झाले की निवड आटली, असे आपण सहज म्हणतो. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ पीटर स्टायनर यांनी १९५२ साली नभोवाणीचा हिशेब मांडून या समजुतीला धक्का दिला. सोप्या आकड्यांत तो असा सांगता येईल. शंभर घरांपैकी ८० घरांना नाटक हवे, २० घरांना शास्त्रीय गायन. केंद्रे तीन आणि मालकही तीन असतील, तर नाटकाचा तिसरा हिस्साही सव्वीस घरांचा होतो. म्हणून तिघेही नाटकच लावतील आणि गायनाची वीस घरे उपाशी राहतील. तिन्ही केंद्रे एकाचीच असतील, तर स्वतःचेच श्रोते विभागण्यात त्याला लाभ नाही; तो एक केंद्र गायनाला देईल. सासूसुनांच्या मालिका एकाच वेळी सगळीकडे का चालतात, याचे याहून नेटके उत्तर निदान आमच्या वाचनात नाही.

परंतु ती वीस घरे मोजली जातात, हे या हिशेबात गृहीत आहे. वाहिनीला जाहिरात मिळते ती मोजणीवर. आणि ‘बार्क’ संस्थेच्या साप्ताहिक मराठी यादीत बाजार धरला गेला आहे तो महाराष्ट्र व गोवा एवढाच. काकतीचे घर कर्नाटकाच्या रकान्यात पडते. तेथे मराठी मालिका रोज रात्री लागली, तरी त्या क्रमवारीत तिची भर पडत नाही. मग मालक एक असो वा दोन, सीमेवरच्या आवडीनिवडीसाठी त्याने पदरमोड का करावी?

वर्तमानपत्राचे निराळे आहे. बाबूराव ठाकूर यांनी १९१९ साली बेळगावात सुरू केलेल्या ‘तरुण भारत’ला काकतीचा वाचक अंकाची किंमत देतो, आणि बेळगावच्या दुकानदाराला तोच गिऱ्हाईक म्हणून हवा असतो.

बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथील आपली घरेही त्या मराठी यादीबाहेरचीच. पुढचे विलीनीकरण आयोगापुढे येईल, तेव्हा मालकांच्या संख्येबरोबर ही मोजणीची हद्दही कोणीतरी तेथे मांडावयास हवी.