‘प्रमाण’ हात कुणाचा?

मुलींच्या गटासाठी शिलाई मशीन घ्यायचं म्हटलं की आपल्या कुठल्याच बैठकीत हात आखडता घेतला जात नाही. संगणकाला आता कुणी अडवत नाही. पण आमच्या किशोरी गटानं यंदा विमान चालवण्याच्या संगणकीय खेळासाठी जॉयस्टिक आणि थ्रॉटल मागितलं, तेव्हा आम्हां कार्यकर्त्यांमध्येच दोन तट पडले. ‘हे श्रीमंतांच्या मुलांचे चोचले आहेत’, ‘हे तर युद्धाचे खेळ’, ‘यातून मुलींना रोजगार काय मिळणार?’ असे तीन आक्षेप आले. ते घेणाऱ्या बायका वस्तीत वर्षानुवर्षं काम केलेल्या आहेत, म्हणून ते उडवून लावून चालणार नाही. माझं मत असं की हे साधन गटांनी जरूर घ्यावं. मात्र कोणतं घ्यायचं हे दुकानदारावर किंवा कुणाच्या भावावर सोडू नये. ती निवड हा स्त्रियांचा प्रश्न आहे.

ज्यांनी हे साधन पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जॉयस्टिक म्हणजे मुठीत धरायचा उभा दांडा. पुढे ढकलला की विमानाचं नाक खाली जातं, मागे ओढला की वर येतं, एका अंगाला झुकवला की विमान त्या अंगाला कलतं. थ्रॉटल म्हणजे इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारी तरफ; ती दुसऱ्या हातात असते. नाक डावी-उजवीकडे वळवणारं रडर खऱ्या विमानात पायांनी चालवतात; घरगुती साधनात त्यासाठी बहुधा दांडाच मनगटानं पिळायची सोय असते. दोन्ही हात न उचलता सगळी बटणं बोटांखाली यावीत अशा जोडीला ‘हॉटास’ म्हणतात. ही कल्पना लढाऊ विमानांतून आली आणि मुठीचा घाटही बऱ्याचदा तिथूनच येतो. थ्रस्टमास्टर कंपनीची ‘वॉर्टहॉग’ ही महागडी जोडी तर अमेरिकेच्या ए-१० या विमानातल्या दांड्याची आणि थ्रॉटलची प्रतिकृती आहे. तेव्हा आधी विचारायला हवं की विमानातली ती जागा कुणाच्या मापानं घडली?

१९५० साली अमेरिकी हवाई दलानं चार हजारांवर वैमानिकांची मापं घेतली. सगळे पुरुष. गिल्बर्ट डॅनियल्स नावाच्या तरुण अधिकाऱ्यानं त्यातली ४,०६३ जणांची दहा मापं तपासली, तेव्हा दहाही मापांत ‘सरासरी’ बसणारा एकही माणूस सापडला नाही. मग आसन, पेडल, पट्टे मागेपुढे सरकवण्याजोगे करण्याकडे दल वळलं. म्हणजे ‘प्रमाण’ शरीर पुरुषांनाही लागू नव्हतं. स्त्रिया तर मोजणीतच नव्हत्या. १९९३ मध्ये अमेरिकेनं स्त्रियांना लढाऊ विमानं खुली केली, आणि त्याच सुमारास नव्या प्रशिक्षण विमानाच्या मागणीपत्रावरून वाद झाला. त्यात बसलेल्या वैमानिकाची किमान उंची ३४ इंच धरली होती. तेवढ्यानंच निम्म्याहून अधिक स्त्रिया बाद होत होत्या. आक्षेप घेतल्यावर, पात्र स्त्रियांपैकी किमान ८० टक्के स्त्रिया बसू शकतील असं विमान हवं, अशी अट आली. कागदावरचा आकडा बदलला आणि काल बाद असलेल्या स्त्रिया पात्र ठरल्या.

आपल्याकडे हवाई दलात वैमानिक होण्यासाठी किमान उंची १६२.५ से.मी. लागते. भारतीय स्त्रीची सरासरी उंची १५२ से.मी.च्या आसपास आहे. पाय पेडलला पोचले पाहिजेत हे खरंच. सुरक्षिततेचा प्रश्न आहे. पण पेडल कुठे असावं हेही कुणीतरी ठरवलेलंच असतं ना?

हीच गोष्ट टेबलावरच्या खेळण्यात उतरते. म्हणून निवडीचा पहिला निकष मी हाताचा मानते. डब्यावर बटणं किती छापली आहेत ते नंतर पाहावं. मुलीनं दांडा स्वतः धरून बघावा. तळव्याची कड खाली टेकलेली, पहिलं बोट पुढच्या खटक्यावर आणि मूठ सैल न करता अंगठा वरच्या छोट्या गोल कळीपर्यंत पोचला पाहिजे. पोचत नसेल तर ‘सवय होईल’ हे उत्तर मान्य करू नये. सवय करून घेणं हे आपण बायकांनी फार केलं. काही साधनांत तळव्याची टेकण वरखाली होते किंवा बदलता येते, तशी बघावी. दांड्याची स्प्रिंग फार कडक नसावी. दहा मिनिटांत मनगट दुखायला लागलं तर मुलगी स्वतःलाच कमकुवत समजते, आणि दोष मात्र स्प्रिंगचा असतो.

दुसरा निकष डाव्या-उजव्याचा. आमच्या गटात दोघी डावखुऱ्या आहेत. ‘उजव्या हातानं जेव, सासरी काय म्हणतील’ हे ऐकत आणि प्रसंगी फटके खात त्या वाढल्या. लॉजिटेकची ‘एक्स्ट्रीम थ्रीडी प्रो’ ही काठी स्वस्तातली, पिळायची सोय आणि बैठकीवर छोटी थ्रॉटल-पट्टी असलेली, सुरुवातीला पुरेशी. पण तिची मूठ उजव्या हातासाठीच घडवलेली आहे. थ्रस्टमास्टरच्या ‘टी.१६०००एम’ या काठीचे काही भाग बदलून ती डाव्या हाताला लावता येते. तिच्यासोबत मिळणारा वेगळा थ्रॉटल मात्र डाव्या हाताच्या घाटाचा आहे. डावखुऱ्या मुलीनं तेव्हा काठीच्या बैठकीवरची पट्टी वापरावी. या मुलींना मी आवर्जून सांगते की एअरबसच्या विमानात डावीकडच्या आसनावर कॅप्टन बसते, तिची काठी डाव्या हातात असते आणि थ्रॉटल उजव्या हातात. जो हात लपवायला शिकवलं, त्याच हातानं तिथे कॅप्टन विमान चालवते.

तिसरा निकष टिकाऊपणाचा. घरातली काठी एक मुलगा वापरतो, गटातली वीस मुली वापरतात. स्वस्त काठीत हालचाल मोजणारा भाग घासून चालतो; झिजला की दांडा न हलवताही पडद्यावरचं विमान थरथरतं. चुंबकाच्या साहाय्यानं, न घासता मोजणाऱ्या काठ्या (त्यांना हॉल सेन्सरच्या म्हणतात) जास्त टिकतात. टी.१६०००एम ही त्यातली आहे. सामायिक वापरासाठी इथे चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

वेगळा थ्रॉटल हवाच का? विमान उतरवताना खरी कसरत ताकदीची असते. थोडी कमी, थोडी जास्त, सतत. त्यासाठी लांब फिरणारी तरफ उपयोगी पडते, छोट्या पट्टीवर तेवढा बारकावा साधत नाही. तरीही पैसे एकाच गोष्टीला पुरत असतील तर आधी चांगली काठी घ्यावी, थ्रॉटल पुढच्या वर्षी. पायांची पेडल आणखी नंतर. वॉर्टहॉगसारख्या जड धातूच्या जोडीच्या वाट्याला गटांनी जाऊच नये. त्या पैशात साध्या कितीतरी काठ्या येतील. आणि आपल्या केंद्रांत टेबल कुठे असतं? आम्ही पाटाला वेलक्रोच्या पट्ट्या लावून काठी बसवली. मुली मांडी घालून विमान चालवतात आणि काठी जागची हलत नाही.

आता आक्षेपांकडे वळते. चोचल्यांचा मुद्दा पैशाचा आहे, आणि पैशापुरतं उत्तर सोपं आहे. ‘फ्लाइटगिअर’ हे सिम्युलेटर फुकट मिळतं, कुणालाही मोकळेपणानं वापरता येतं. खर्च उरतो तो काठीचा.

युद्धाचा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. बॉम्ब टाकण्याचे खेळ आपण मुलींनाही देऊ नयेत, मुलांनाही नाही. पण उडणं ही लढणाऱ्यांची मिरास नाही. आमचं केंद्र कुर्ल्याला आहे. घाटकोपर-कुर्ल्याच्या पत्र्यांवरून विमानं दिवसभर मुंबईच्या धावपट्टीकडे उतरत असतात. या मुलींचं लहानपण त्या आवाजाखाली गेलं. सिम्युलेटरमध्ये त्या पूर्वेकडून येऊन त्याच धावपट्टीवर उतरायला शिकतात. आपली वस्ती वरून कुठे येते, वेग किती असायला हवा, वारा बाजूनं आला तर काय करायचं, हे त्या आपसांत भांडून ठरवतात. यात युद्ध कुठे आहे?

आणि रोजगार? इथे खोटी आशा दाखवू नये असं माझं ठाम मत आहे. घरच्या जॉयस्टिकवरचे तास परवान्यासाठी धरले जात नाहीत. व्यावसायिक परवान्याला बारावीला भौतिकशास्त्र-गणित आणि २०० तासांचं प्रत्यक्ष उड्डाण लागतं, खर्च कित्येक लाखांत जातो. शिवाय पडद्याकडे टक लावायची सवय खऱ्या विमानात मोडावी लागते, तिथे नजर बाहेर ठेवायची असते. हे सगळं मुलींना स्पष्ट सांगावं. त्याचबरोबर हेही सांगावं की सरला ठकराल यांनी १९३६ साली परवाना मिळवला, साडी नेसून विमान चालवलं. १९८५ साली कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी कोलकाता-सिल्चर विमान सर्व स्त्री कर्मचाऱ्यांसह नेलं. २०१६ साली अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंग हवाई दलाच्या पहिल्या स्त्री लढाऊ वैमानिक झाल्या. देशातल्या वैमानिकांत स्त्रिया सुमारे १५ टक्के असल्याचं केंद्र सरकारनं संसदेत सांगितलं आहे. जगाची सरासरी त्याच्या निम्मीही नाही. यातून आमच्या गटातली एखादी दहावीनंतर ‘मुलींना गणित झेपत नाही’ हे न ऐकता विज्ञान शाखेकडे गेली तर चांगलंच आहे. गेली नाही तरी माझा मुद्दा कायम राहतो. मुलाच्या क्रिकेटच्या बॅटला कुणी रोजगाराचा दाखला मागत नाही. मुलीच्या खेळालाच तो का मागायचा?

साधन आणल्यावर आणखी एक काम उरतं. कुणाचा तरी भाऊ ‘शिकवायला’ येतो, खुर्चीत बसतो आणि तासभर उठत नाही. घरोघरी संगणकाचं हेच झालं आहे. म्हणून आमच्या गटानं तीन नियम केले आहेत. काठीवर हात फक्त गटातल्या मुलीचा. शिकवणाऱ्यानं तोंडानं शिकवावं. कुठलं बटण काय करणार, दांडा किती हलला की विमान किती वळणार, ही मांडणी मुली स्वतः करतील आणि वहीत लिहून ठेवतील. पाळीची वेळ पाण्याच्या वेळेशी टक्कर घेणार नाही अशी असेल. नाहीतर नळाला पाणी आलं की मुलीचं विमान अर्ध्या वाटेत सोडून द्यावं लागतं, तिच्या भावाचं नाही.

पुढच्या वर्षाचा खर्च मांडताना, मैत्रिणींनो, आपल्या गटात हा विषय जरूर काढा. मुलींना काठी हवीशी वाटली तर खरेदीला दोन मुली सोबत न्या, त्यातली एक लहान हातांची आणि जमल्यास एक डावखुरी. ‘मुलगा किती वर्षांचा आहे?’ असं दुकानदार विचारेल. उत्तर मुलींनाच देऊ द्या, आणि दोघींनी धरून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.